टच चालत नाही? आधी काच ओळखा

ऑगस्टमधली झड लागलेली. आर्वी तालुक्यातल्या एखाद्या शिवारात शेतकरी धुऱ्यावर उभा राहून मोबाईलवर ‘ई-पीक पाहणी’ करतो आहे. खातं निवडलं, गट क्रमांक निवडला, आता पीक निवडायचं. बोट कापसावर ठेवलं तर यादी आपोआप सरकते आणि तुरीवर जाऊन थांबते. गळ्यातल्या दुपट्ट्यानं काच पुसावी, तोवर वरून आणखी चार थेंब. घरी जाऊन भरू म्हटलं तर तेही जमत नाही, कारण पिकाचा फोटो शेतात उभं राहूनच काढायचा असतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून ही पद्धत राज्यभर सुरू झाली आणि सातबाऱ्यावरची पीकनोंद तलाठ्याच्या लेखणीतून शेतकऱ्याच्या बोटावर आली. ते बोट खरिपात बहुतेक वेळा ओलंच असतं, ही गोष्ट मात्र काच बनवणाऱ्याच्या हिशेबात नसते.

अशा वेळी तोंडातून निघणारं पहिलं वाक्य ठरलेलं: ‘याचा टच गेला वाटते.’ पुढची पायरी दुकानाची, आणि दुकानात काच कोरडी झालेली असल्यामुळे फोन अगदी नीट चालतो. टच गेलेला नसतोच. त्या जातीची काच ओल्यात अशीच वागते. शाळेतला डिजिटल फळा, बँकेतलं पासबुक छापायचं यंत्र, कारखान्यातलं नियंत्रण पॅनल आणि खिशातला फोन या सगळ्यांना ‘टच स्क्रीन’ म्हणत असले, तरी आतलं तंत्र एक नाही. एका काचेला दाब कळतो, दुसरीला विजेतला फरक, तिसरीला अडलेला प्रकाश आणि चौथीला शोषला गेलेला आवाज. कोणती काच कशावर चालते हे एकदा कळलं, की निम्म्या तक्रारी दुकानात न जाताच मिटतात आणि नवी वस्तू घेताना पैसेही योग्य जागी पडतात.

सुरुवात खिशातल्या फोनपासून. आजच्या जवळजवळ सगळ्या स्मार्टफोनमध्ये कॅपॅसिटिव्ह काच असते. ही कल्पना बरीच जुनी आहे. इंग्लंडमधल्या मालव्हर्न इथल्या रडार संशोधन संस्थेत ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ साली बोटाच्या स्पर्शानं चालणाऱ्या पडद्याचं वर्णन छापलं, ते विमानवाहतूक नियंत्रणासाठी. घराघरांत ती पोचायला मात्र २००७ साल उजाडावं लागलं. त्या वर्षी आलेल्या आयफोननं दोन बोटांनी फोटो मोठा करून दाखवला आणि बाजार फिरला.

या काचेत पारदर्शक विद्युतवाहक पदार्थाच्या अतिशय बारीक आडव्या-उभ्या ओळी असतात. पदार्थ बहुधा इंडियम टिन ऑक्साइड, म्हणजे इंडियम आणि कथील या धातूंचा ऑक्साइड. चौफुलीवर कपाशी लावताना शेतात दोन्ही बाजूंनी फुल्या पाडतात आणि जिथे दोन रेघा एकमेकींना छेदतात तिथे सरकी टोचतात, तशीच ही आखणी समजावी. फरक इतकाच, की इथे प्रत्येक छेदावर विजेचा अगदी क्षीण साठा असतो. माणसाच्या शरीरात पाणी आणि क्षार असल्यामुळे ते वीजवाहक आहे. बोट काचेजवळ आलं, की त्या छेदावरच्या साठ्यातला थोडा भाग बोटाकडे ओढला जातो. फोनमधली चिप सगळे छेद एका सेकंदात साठ, एकशे वीस किंवा त्याहूनही जास्त वेळा तपासत असते. कुठे किती घट झाली यावरून बोट नेमकं कुठे आहे हे ती काढते. दाब लागत नाही तो यामुळेच. प्रत्येक छेद स्वतंत्रपणे तपासला जातो, म्हणून पाच-दहा बोटंही एकाच वेळी ओळखता येतात.

आता पावसाचं कोडं सुटतं. पाण्यातूनही वीज वाहते. काचेवर पडलेला थेंब दोन-चार ओळींवर पसरतो आणि चिपला तिथे बोट असल्याचा भास होतो. बोट आणि थेंब एकमेकांना टेकले तर दोघं मिळून एक मोठं वेडंवाकडं बोट तयार होतं आणि यादी भलतीकडे पळते. २०२३ पासून काही कंपन्यांनी पावसातही चालणारा टच म्हणून जाहिराती केल्या. त्या अगदीच खोट्या नाहीत. दोन वेगवेगळ्या पद्धतींनी मोजमाप करून थेंब कोणता आणि बोट कोणतं हे वेगळं करता येतं. पण तुरळक थेंबांत चालणं वेगळं आणि धो-धो पावसात चालणं वेगळं. ‘पाण्यात पडला तरी फोन खराब होत नाही’ हे तर तिसरंच प्रकरण. जलरोधक फोन पाण्यानं मरत नाही, याचा अर्थ त्याचा टच पाण्यात चालतो असा होत नाही. दुकानदार या दोन गोष्टी एकत्र करून सांगतात.

शेतात यावर उपाय साधे आहेत. पातळ, पारदर्शक प्लास्टिकची झिप असलेली पिशवी घ्यावी आणि फोन आत ठेवून हवा काढून टाकावी. कॅपॅसिटिव्ह काच पातळ प्लास्टिकमधूनही बोट ओळखते, पण पिशवी काचेला चिकटून असली पाहिजे. मध्ये हवा राहिली तर टच मंदावतो. पिशवीवर थेंब पडले तर झटकता येतात, फोन आडवा न धरता उभा धरला तर ते आपसूक ओघळतात. बोट आणि काच दोन्ही पुसावं. नुसती काच पुसून ओलं बोट टेकवलं, तर पुसलेलं वाया जातं. फोटो काढताना पडद्यावरचं गोल बटण ऐकत नसेल, तर बऱ्याच फोनमध्ये आवाज कमी-जास्त करायच्या बटणानंही फोटो निघतो. आणि घाईत चुकीचं पीक नोंदलं गेलंच तर ते लगेच पाहावं. २०२२ मध्ये आलेल्या ॲपच्या दुसऱ्या आवृत्तीत ४८ तासांच्या आत एकदा दुरुस्ती करायची सोय दिली होती. मुदत निघून गेल्यावर तलाठी कार्यालयाच्या चकरा आल्याच.

ओल्या बोटाची गोष्ट झाली. अगदी कोरड्या बोटाचीही तक्रार असते. निंदण, वेचणी, विळा-फावडं यांत वर्षं गेलेल्या बोटांच्या टोकाला घट्टे पडतात. जाड, कोरड्या कातडीत ओलावा कमी असतो, त्यामुळे काच आणि आतलं जिवंत बोट यांच्यातलं अंतर वाढतं आणि फोनला बोट पुरेसं जाणवत नाही. घरातल्या पोरानं हलकंसं टेकवलं की चालतं, आजीनं तीनदा दाबलं तरी हलत नाही. ‘मले येतच नाही हे’ असं म्हणून आजी फोन खाली ठेवते. येत नाही असं काही नसतं. जोरानं दाबून उपयोग नाही, कारण या काचेला दाब कळतच नाही. बोटाच्या टोकाऐवजी पेराचा मऊ भाग जरा आडवा टेकवावा, हाताला थोडं खोबरेल किंवा व्हॅसलीन लावून, नीट पुसून मग फोन घ्यावा. अनेक फोनच्या सेटिंगमध्ये ‘टच सेन्सिटिव्हिटी’ किंवा ‘ग्लव्ह मोड’ नावाचं बटण असतं, ते चालू केलं की फरक पडतो. काचेवर लावलेली जाड, स्वस्त टेम्पर्ड ग्लास काढून पाहिली तरी अनेकदा काम होतं.

रेशन दुकानातल्या ई-पॉस यंत्रावर ‘अंगठा येत नाही’ ही तक्रार याच हातांची, पण यंत्र निराळं. तिथे यंत्र अंगठ्यावरच्या रेषा वाचतं. रेषा झिजल्या असतील तर अंगठा जुळत नाही. टच स्क्रीनला रेषांशी काही देणंघेणं नाही. म्हणून रेशनला अंगठा न आलेल्या बाईनं ‘माझं बोटच मशीनला चालत नाही’ असं समजून मोबाईल बाजूला ठेवायचं कारण नाही. रेशनवर तिनं दुसरं बोट लावून पाहावं, किंवा आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी मागावा.

हातमोज्यांबद्दल जरा थांबून लिहायला हवं. फवारणीच्या दिवसांत जाड रबरी मोजे घातलेल्या हाताला फोन प्रतिसाद देत नाही. जाड रबरामुळे बोट काचेपासून दूर राहतं, त्यामुळे काचेला बोटाचा पत्ता लागत नाही. मग फोन आला की मोजा काढला जातो, औषध लागलेल्या हातानंच फोन घेतला जातो, तोच फोन गालाला लागतो आणि संध्याकाळी तोच पोराच्या हातात जातो. २०१७ च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांची विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. त्याची कारणं अनेक होती आणि त्यात मोबाईल कुठे नव्हता. पण उघड्या कातडीला औषध लागू द्यायचं नाही, हा त्यातला पहिला धडा. फवारणी चालू असताना फोन पाठीवरच्या पंपापासून दूर, धुऱ्यावर पिशवीत ठेवावा. फारच गरज असेल तर कानात इअरफोन घालून त्याच्या बटणानं फोन उचलावा. ‘ग्लव्ह मोड’मध्ये डॉक्टरांच्या हातात असतात तसे पातळ मोजे चालतात, फवारणीचे जाड मोजे नाही. टच चालावा म्हणून पातळ मोजे घालून फवारणी करू नये, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगितलेलं बरं.

मोजे घातलेला हात चालावा, काडी चालावी, नख चालावं अशी काच हवी असेल तर ती आहे, आणि एके काळी सगळीकडे तीच होती. तिला रेझिस्टिव्ह म्हणतात. अमेरिकेतले शास्त्रज्ञ सॅम्युएल हर्स्ट यांनी १९७० च्या सुमारास ती घडवली. खाली काच, वर प्लास्टिकचा पातळ पडदा, दोघांच्या आतल्या बाजूला वीजवाहक लेप, आणि दोन्ही थर एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये डोळ्यांना न दिसणारे बारीक ठिपके. वरून दाबलं की पडदा वाकून खालच्या थराला टेकतो. एका थरात एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत वीजदाब उतरत जात असतो. टेकल्या जागी किती वीजदाब मिळाला ते दुसरा थर मोजतो आणि त्यावरून जागा कळते, आधी आडवी, मग उभी. टेकवणारी वस्तू बोट आहे की पेनाचं टोपण, हे तिला माहीत नसतं आणि तिला त्याचं घेणंही नसतं.

नोकियाचा ५२३३ वापरलेल्यांना ही काच आठवत असेल. अंगठ्याच्या नखानं ‘टक’ करून दाबलं तरच ऐकायची. पण भारतात या काचेची सगळ्यांत जाहीर परीक्षा झाली ती ‘आकाश’ टॅबलेटमध्ये. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत केंद्र सरकारनं विद्यार्थ्यांसाठी हा स्वस्त टॅबलेट आणला. सात इंचांचा पडदा, रेझिस्टिव्ह टच, २५६ एमबी रॅम. किंमत खाली ठेवायची तर कुठे तरी कात्री लावावी लागते, आणि ती टचवर लागली. तोवर लोकांच्या हातात कॅपॅसिटिव्ह फोन येऊ लागले होते. त्यावर हलकेच सरकायची सवय झालेलं बोट आकाशवर सरकेना. यंत्र मंद होतंच, पण बोटाचं न ऐकणारी काच ही लोकांची पहिली तक्रार होती. पुढच्या वर्षी, ११ नोव्हेंबर २०१२ रोजी, आकाशची दुसरी आवृत्ती आली. तिच्या कामात पवईच्या आयआयटी मुंबईचा मोठा वाटा होता आणि तिच्यात कॅपॅसिटिव्ह काच होती. तेरा महिन्यांत काच बदलावी लागली, इतका वापरणाऱ्यांचा कौल स्पष्ट होता.

तरीही रेझिस्टिव्ह काच टाकाऊ म्हणणं चूक. कारखान्यांतल्या नियंत्रण पॅनलवर, अनेक वैद्यकीय यंत्रांवर ती अजून टिकून आहे. जिनिंगमध्ये काम करणाऱ्याच्या हाताला रुईचा धुरळा, तेल, कधी मोजे. तिथे फोनसारखी नाजूक काच लावली तर माणूस कामापेक्षा जास्त वेळ काच पुसत बसेल. हिचे तोटेही स्पष्ट आहेत. वरचा पडदा प्लास्टिकचा, त्यामुळे ओरखडे पडतात. थर जास्त असल्यामुळे प्रकाश अडतो आणि वैशाखातल्या विदर्भाच्या उन्हात पडदा फिका दिसतो. एका वेळी एकच स्पर्श कळतो. आणि वापरून वापरून मोजणी सरकते: बटण एका जागी, उमटतं दुसरीकडे. अशा वेळी यंत्रातलं ‘कॅलिब्रेशन’ उघडून कोपऱ्यांत येणाऱ्या अधिकच्या (+) खुणांवर अचूक दाबायचं, की गाडी रुळावर येते. वारंवार करावं लागत असेल तर मात्र पडदा झिजला आहे. चार तारांची साधी काच सुमारे दहा लाख स्पर्श सोसते, पाच तारांची काही कोटींपर्यंत जाते. विकत घेताना चार की पाच, हा प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत.

शाळेतल्या मोठ्या डिजिटल फळ्याचं तंत्र पुन्हा वेगळं. पासष्ट-पंच्याहत्तर इंचांच्या अशा बहुतेक फळ्यांत इन्फ्रारेड असतं. काचेत काहीच नाही, सगळा खेळ चौकटीत. दोन बाजूंना बारीक दिवे, समोरच्या दोन बाजूंना त्यांना पाहणारे डोळे. टीव्हीच्या रिमोटमधून निघतो तसाच, आपल्याला न दिसणारा प्रकाश काचेच्या किंचित वरून आडवा-उभा धावत असतो. बोट मध्ये आलं की काही किरण अडतात आणि जागा सापडते. १९७२ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या ‘प्लेटो’ या शिकवण्याच्या संगणकात हेच तंत्र होतं, पडद्यावर १६ गुणिले १६ जागा. म्हणजे शाळा आणि इन्फ्रारेड यांचं नातं अर्ध्या शतकाचं आहे.

या फळ्यावर बोट, पेन्सिल, डस्टरचा कोपरा, काहीही चालतं. हीच त्याची अडचणही आहे. बाईंच्या साडीचा पदर चौकटीत आला तरी रेघ उमटते. माशी बसली तर तिचीही दखल घेतली जाते. बाजूलाच जुना काळा फळा असेल तर खडूची पूड चौकटीच्या खाचेत साचते, किरण अडतात, आणि मुलांना वाटतं फळ्याला भूत लागलं: कोणी हात न लावता एका कोपऱ्यात सतत दाबल्यासारखं होत राहतं. अशा वेळी तंत्रज्ञाला फोन करण्याआधी फळा बंद करून चौकटीची आतली कड कोरड्या मऊ कापडानं चारही बाजूंनी पुसावी. कुणी वेळापत्रक किंवा सुविचार चिकटपट्टीनं चौकटीवर लावला असेल तर तो काढावा. खिडकीतून थेट ऊन फळ्यावर येत असेल तर पडदा लावावा, कारण उन्हातही इन्फ्रारेड असतो आणि तो त्या डोळ्यांना दिपवतो. शाळा व्यवस्थापन समितीनं फळा घेतानाच जागा ठरवावी: खिडकीच्या समोर नको, खडूच्या फळ्याला लागून नको. घेतल्यावर भिंत बदलत नाही.

उरलेले दोन प्रकार सामान्य माणसाच्या हातात कमी येतात. एकात काचेवरून कानाला ऐकू न येणाऱ्या अतिशय सूक्ष्म आवाजाच्या लहरी धावत असतात आणि मऊ बोट त्या शोषून घेतं. चित्र स्वच्छ दिसतं, पण कडक पेनानं चालत नाही आणि काचेवर धूळ किंवा थेंब बसले की गोंधळ होतो. दुसऱ्यात काचेवर एकच अखंड लेप आणि चार कोपऱ्यांत मोजणी असते. सार्वजनिक ठिकाणच्या माहिती-यंत्रांत हे दिसतात आणि दोन बोटांचं काम तिथे होत नाही.

समोर अनोळखी पडदा आला तर ओळख पटवायला तीन चाचण्या पुरतात. नखानं किंवा पेनाच्या टोपणानं हलकेच दाबून पाहावं. चाललं आणि वरचा थर किंचित दबल्यासारखा वाटला तर रेझिस्टिव्ह. बोटाला रुमाल गुंडाळून टेकवलं, फोन गप्प राहिला तर कॅपॅसिटिव्ह. चौकट काचेपेक्षा उंच असेल आणि काचेला टेकायच्या आतच रेघ उमटत असेल तर इन्फ्रारेड. एटीएमवर कधी कधी लोक पडद्यावर बोट मारत बसतात आणि काही होत नाही, कारण तिथे टच नसतोच, बाजूची बटणंच दाबायची असतात. त्याची खूण म्हणजे पडद्याच्या दोन्ही बाजूंना असलेली बटणांची रांग.

बटणांना कमी लेखू नये, हेही इथेच लिहिलं पाहिजे. देशातलं सर्वांत महत्त्वाचं बोट जिथे टेकतं ते मतदान यंत्र, आणि त्यात टच स्क्रीन नाही. निळं बटण दाबायचं, दिवा लागतो, ‘बीप’ वाजतं आणि व्हीव्हीपॅटच्या काचेमागे सात सेकंद चिठ्ठी दिसते. बोट ओलं असो, घट्टे पडलेलं असो, बटण चालतंच, आणि शेजारच्या ब्रेल आकड्यांमुळे न दिसणाऱ्यालाही ते सापडतं. गुळगुळीत काचेवर हात फिरवून असं काही कळत नाही. घरातल्या म्हाताऱ्यांना मिक्सर, वॉशिंग मशीन किंवा शेगडी घेऊन देताना हे लक्षात ठेवावं. ‘टच पॅनल’ दिसायला देखणं, पण मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना आणि पिठाच्या हातांना गोल फिरवायचं बटण जास्त सोयीचं.

आता दुरुस्तीकडे. आर्वीसारख्या तालुक्याच्या गावात मोबाईल दुरुस्तीच्या दुकानांवर सगळ्यांत जास्त काम पडद्याचंच असतं. पूर्वी टच वेगळा आणि डिस्प्ले वेगळा मिळे, त्यामुळे टच गेला की तेवढाच बदलून भागे. आता टचच्या ओळी डिस्प्लेच्याच थरांत घातलेल्या असतात आणि सगळं एकाला एक चिकटवलेलं येतं. दुकानात त्याला ‘फोल्डर’ किंवा ‘कॉम्बो’ म्हणतात. फोन पडला, काचेला तडे गेले, पण चित्र पूर्ण दिसतं आणि टचही सगळीकडे चालतो, तर वरची काच तेवढी फुटलेली आहे. ती यंत्रावर गरम करून काढून नवी चिकटवता येते आणि फोल्डरपेक्षा बरीच स्वस्त पडते. पण काम नाजूक आहे. हात बसलेला नसेल तर आत धूळ, बुडबुडे राहतात, आणि ॲमोलेड पडदा असेल तर गरम करताना त्यावर कायमची हिरवी रेघ येऊ शकते. ती जबाबदारी कोणाची, हे फोन उघडण्याआधीच दुकानदाराशी बोलून घ्यावं.

फोल्डरच बदलायचा असेल तर एक प्रश्न नक्की विचारावा: मूळ ॲमोलेड आहे, तर बदलीलाही ॲमोलेडच लावणार का? स्वस्तात एलसीडीचा कॉम्बो लावून मिळतो. चित्र दिसतं, टच चालतो, गिऱ्हाईक खूश होऊन निघून जातं. घरी आल्यावर कळतं, की पडद्यावरचा फिंगरप्रिंट बंद पडला. तो बिघाड नसतो. पडद्याखालून बोट पाहणाऱ्या सेन्सरला एलसीडीच्या मागच्या दिव्याच्या थरातून आरपार दिसत नाही, त्यामुळे तो फिंगरप्रिंट त्या पडद्यावर चालणारच नसतो. शिवाय फोन थोडा जाड होतो आणि बॅटरी लवकर उतरते.

पैसे देण्याआधी टच तपासायची एक सोय अँड्रॉइड फोनमध्येच आहे. सेटिंगमध्ये ‘अबाउट फोन’ उघडून ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा टिचकी मारली की ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ उघडतात. त्यात ‘पॉइंटर लोकेशन’ चालू करावं. आता पडद्यावर बोट जिथे जाईल तिथे रेघ उमटते. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, अगदी सावकाश, जवळजवळ रेघा ओढाव्यात, आडव्या आणि उभ्याही. प्रत्येक रेघ एकाच सरळ पट्टीत तुटत असेल तर त्या चौफुलीतली एक ओळ मेली आहे आणि तो फोल्डर परत द्यावा. तुटकपणा इकडे-तिकडे असेल तर आधी टेम्पर्ड ग्लास काढून पाहावी. जुना फोन विकत घेतानाही हीच चाचणी करावी. विकणारा नको म्हणाला तर फोन घेऊ नये. काम झालं की ‘पॉइंटर लोकेशन’ बंद करायला विसरू नये, नाही तर पडद्यावर दिवसभर रेघा नाचतात.

फोन आपोआप टाइप करतो, ॲप उघडतो, कुणाला तरी फोनही लावतो, या प्रकाराला ‘घोस्ट टच’ म्हणतात आणि पहिला संशय चार्जरवर घ्यावा. फुटपाथवरच्या हलक्या चार्जरमध्ये विजेतला खरखराट गाळायची नीट सोय नसते. तो खरखराट तारेतून फोनमध्ये येतो आणि कॅपॅसिटिव्ह काचेला तो बोटासारखा भासतो. चार्जर काढला की टच ठीक, लावला की वेडा, अशी स्थिती असेल तर फोन चांगला आणि चार्जर वाईट. मूळ कंपनीचा किंवा बीआयएसची खूण असलेला चार्जर लावून पाहावा. तरीही तसंच होत असेल तर फोन काही वेळ बंद करून, काच कोरडी करून पाहावी, मग दुकान.

एक शक्यता मात्र वाट न पाहता हाताळायची. पडदा एका बाजूनं किंचित उचलल्यासारखा दिसतो, कडेला फट पडली आहे, टेबलावर ठेवलेला फोन गरगर फिरतो आणि टच मधूनच दगा देतो, तर बॅटरी फुगलेली असण्याची दाट शक्यता आहे. एप्रिल-मेच्या उन्हात ट्रॅक्टरच्या बॉनेटजवळ किंवा मोटरसायकलच्या टाकीवर फोन ठेवणाऱ्यांकडे हे जास्त दिसतं. आतून आलेल्या दाबानं पडद्याचे थर ताणले जातात, म्हणून टच बिघडतो. असा फोन दाबून सरळ करायला जाऊ नये आणि चार्जिंगला लावू नये. शक्य असेल तर बंद करून, जळण्यासारख्या वस्तूंपासून दूर ठेवावा आणि त्याच दिवशी बॅटरी बदलून घ्यावी. दुकानदार आधी फोल्डर बदलायला सांगत असेल, तर त्याला आधी मागचं झाकण उघडून बॅटरी दाखवायला सांगावी.